परमिट मी टू कोट

जुन्या सीबीएससमोर, कोर्टाच्या भिंतीला पाठ लावून
पुंजाराम गांगुर्डे टाइपरायटर बडवत.
भाडेकरार, प्रतिज्ञापत्र, हरवलेल्या पासबुकाचा अर्ज.
मी शेजारच्या स्टुलावर, कार्बन लावायला.

काही सांगायचं झालं की आधी
बोटं फडक्याला पुसत,
चष्मा कपाळावर,
खाकरून म्हणत :
परमिट मी टू कोट.

चहावाल्या मोईनला वाटे, काकांना कोट हवाय.
वकील म्हणत, काका, परमिट रूम शालिमारला, इथं कुठं?
मीही हसायचे.
अठराची होते, आणि नीट इंग्रजी बोलणाऱ्यांत
बसायची घाई होती.

ते थांबत. हसू विरेपर्यंत.
मग यायचं ते निफाडकडचं, धुळीनं माखलेलं :
भागाबाई म्हणायची,
रिकामी घागर डोक्यावर असते, भरलेली मानेत.
भागाबाई म्हणायची,
शेंदताना आवाज रहाटाचा होतो, सोलतात ते हात.
संपलं. पुन्हा खटखट.
ना न्यायमूर्ती, ना कलम, ना पान नंबर.

एका मार्चात, गिऱ्हाईक नसताना, विचारलं,
कोण ही भागाबाई?

"आई.
इथलेच रांजण भरायची, बावीस वर्षं.
बार रूमच्या पायपुसण्यापर्यंत.
पाय ओले असतात म्हणून आत यायचं नाही.
आत पंखे. आत लाल पाठीची पुस्तकं.
आत कुणीतरी उठून हे वाक्य म्हणे,
आणि सगळे गप्प होत
कुण्या मेलेल्या साहेबाचं बोलणं ऐकायला.
मी तिच्या पदराला धरून.
अर्थ नाही कळला.
एवढं कळलं, की हे म्हटलं
की बाहेरच्याला आत घेतात."

आणि रिबन फिरवायला लागले.

टाइपरायटर भद्रकालीत किलोवर गेला.
काका त्याआधीच.
माझ्याकडे आता प्रिंटर आहे, टोकन आहे,
पाठीला आधार असलेली खुर्ची आहे.

परवा पेठहून एक म्हातारी आली, वारसाच्या कागदाला.
अंगठा उमटेना. घासून घासून रेघाच गेलेल्या.
तरुण वकील मोबाइलमधून म्हणाला,
आजी, अंगठा पण घरी विसरलात का?

मी बोटं पुसली. शाई नव्हती, तरी.
"परमिट मी टू कोट."
"मॅडम, क्वोट," तो हसला. "क्वोट."

मी थांबले.
पंख्याचा आवाज येईपर्यंत थांबले.
मग म्हटलं,
पुंजाराम गांगुर्डे म्हणायचे,
की भागाबाई म्हणायची,

आणि पुढचं आठवेना.
घागर आठवली, रहाट आठवला,
अंगठ्याबद्दल ती काय म्हणाली असती
ते काही केल्या आठवेना.

म्हातारीनं मान वर केली.
"सांग की," म्हणाली,
"काय म्हणायची?"