समितीची दुसरी दुपार

मार्चातला मळका बर्फ पार्किंगच्या कडेला ढकललेला,
खाली सस्क्वेहाना, फुगलेली, मातकट.
माझ्या गळ्यात पाटी: डॉक्टर के.
खांडेपारकर पाटीत मावत नव्हतं,
मीही हट्ट धरला नाही.

मुलींचं कॉलेज, एकशे एकोणचाळीस वर्षांचं.
मुली चारशे अकरा.
आम्ही चौघं, अडीच दिवस,
आणि तळघरात एक खोली, तिचं नाव पुराव्याची खोली.
हिरव्या फायली नर्सिंगच्या, निळ्या संगीताच्या,
भूगर्भशास्त्राची राखाडी, एकच,
बोटभर जाड.

सकाळी नर्सिंग झालं. सगळं उत्तम.
रबराचा रुग्ण आमच्यासमोर दोनदा मेला,
दोनदा जगवला गेला.
अध्यक्ष गिलक्रिस्ट खूश. त्यांना आकडे बोललेले आवडतात.

दुपारी खोली दोनशे चौदा.
लोरेन ट्रेस्लर, वय चौसष्ट, विभागप्रमुख,
आणि विभागही तीच.
टेबलावर नवं कापड, घडीची रेघ अजून उभी.
ट्रेमध्ये घरी भाजलेली बिस्किटं.
चार कप एकसारखे,
पाचवा, तिचा, टवका उडालेला.

मला एकदम घाम फुटला.
हा ट्रे मी धरलाय.
मिरज, एकोणीसशे ब्याण्णव, सोफ्यावर सहा जण.
एकानं विचारलं होतं,
संख्याशास्त्रात एम.एस्सी. म्हणजे नक्की येतं काय?
मी म्हणाले, शक्यता काढता येते.
कुणी हसलं नाही.
जाताना चपला शोधता शोधता म्हणाले, कळवतो.

"गेल्या पाच वर्षांत पदवीधर किती?"
"सहा. सातवी बाळंतपणासाठी थांबलीय. येईल."
फॉर्मात 'येईल'ला रकाना नाही.

मग तिनं खण उघडले. ओकचे, जड, कुरकुरणारे.
प्रत्येक मुलीनं जाताना एक दगड ठेवायचा,
वय आपलं आपण ठरवायचं,
चिठ्ठीवर लिहून सही करायची.
१९०८, फिकट शाई: डेव्होनियन. ओढ्यात सापडला. पाय भिजले.
खाली दुसरं अक्षर, १९३१: नाही. सिल्युरियन.
त्याखाली पेन्सिल, १९७४: दोघीही घाईत होत्या. पुन्हा पाहा.
"चुकाही ठेवतो आम्ही," लोरेन म्हणाली.
गिलक्रिस्टनी विचारलं, याची कागदोपत्री नोंद आहे का?
ती खणाकडे बघत राहिली.

एका विद्यार्थिनीला बोलावलं. इमानी प्रूइट, तिसरं वर्ष,
कोटाच्या खिशात काहीतरी जड.
"या विषयानं तुझ्यात काय फरक पडला?
मोजता येईल असं सांग."
तिनं विचार केला. खरंच केला.
"सगळीकडे उशीर होतो आता.
रस्ता खणलेला असला की थांबते."
गिलक्रिस्टचं पेन हललं नाही.
मी लिहून घेतलं, मराठीत,
शेजारच्याला वाचता येऊ नये म्हणून.

रात्री हॉटेलात लॅपटॉप.
पूर्ण, अंशतः, अपुरं. एकावर खूण करा.
सहा मुली म्हणजे आलेखावर काय होतं
ते मला कुणी शिकवायला नको.
एका वर्षी दोन, एका वर्षी शून्य.
रेघ खाली जाते. रेघेला दगड दिसत नाहीत.
शेरा अडीचशे अक्षरांत.
इमानीचं वाक्य इंग्रजीत घातलं
तर तक्रार वाटली, उशिराची.
खोडलं. पुन्हा घातलं.
अपुरं वर खूण केली,
मग अंशतः वर,
मग दिवा मालवला आणि अंधारात
स्क्रीनच विझायची वाट पाहिली.

सकाळी दारात लोरेननं माझा कोट धरला.
तिनं काही विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही की खूण शेवटी कुठे केली.
मागून गिलक्रिस्ट, छान, मोकळ्या आवाजात:
सहा आठवड्यांत कळवतो.
मी बुटाची नाडी बांधत होते.
बांधलेलीच होती, सोडून पुन्हा बांधत होते,
आणि तेव्हा समजलं
मिरजेची ती माणसं
आपल्याच चपलांकडे एवढा वेळ
का बघत होती.