तीन की चार

बेलापूरच्या ओपीडीत एक मुलगी फॉर्म भरून घेते.
"काका, गेल्या चार आठवड्यांत
किती वेळा थकवा आला?
एक म्हणजे कधीच नाही, पाच म्हणजे सतत."

सतत म्हणजे काय, पोरी.
सकाळी करावे गावातल्या गावदेवीपर्यंत चालतो,
पायरीवर बसतो, उठतो, पुन्हा बसतो.
याच पायांनी मी ओहोटीला खाडीत उतरायचो,
मांडीपर्यंत चिखलात, निवट्या धरायला.
थकवा हा शब्दच तेव्हा आमच्या घरात नव्हता.
तीन लिही.

पोटावरचा काप मर्सिडीजच्या चिन्हासारखा, असं डॉक्टर म्हणतात.
प्लॉटचे पैसे आले तेव्हा गावात
ज्याला त्याला ती गाडी हवी होती.
माझ्या दारात आली ती ही अशी.
जयवंती हसते, व्रणावर खोबरेल लावते
आणि मध्येच हसायची थांबते.

"कार्यक्रमांना वगैरे जाता का?"
भाचीच्या हळदीला गेलो.
मास्क लावून, मांडवाच्या कडेला, पंख्याखाली.
ज्यांच्यासोबत वीस वर्षं ग्लास भरले
ते लांबूनच हात करत होते,
जणू मीच ती बाटली, पायाशी लवंडलेली.
कालवं नाही, पपनस नाही,
बाहेरचं पाणी नाही.
सकाळी नऊ, रात्री नऊ.
गोळ्या एवढ्याशा, पण हात असा थरथरतो
की बँकेने चेक परत पाठवला.
सही माझीच होती.

आता फॉर्मात नाही ते सांगतो.
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरून
मी आणि धाकटा हसुराम
अकरा वर्षं बोललो नाही.
एक भिंत, दोन घरं, दोन गणपती.
मग माझं पोट पाण्यानं तट्ट झालं,
डोळे हळदीत बुडवल्यासारखे,
तेव्हा हा कुणाला न विचारता
कागदांवर सह्या करून आला.
साठ टक्के दिलं. भाव केला नाही.

जमीन वाटली की तिचे तुकडेच उरतात.
हे वाटलं, आणि काही महिन्यांत
त्याच्याही पोटात भरून आलं, माझ्याही.
याचा सातबारा कुणाच्या नावावर चढवायचा
ते तलाठ्यालाही सांगता यायचं नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
सख्ख्या भावाचं असलं तरी
शरीर त्याला परकंच धरतं.
त्यानं भांडण उकरू नये
म्हणून ही गोळी, जन्मभर.
मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

अजूनही फारसं बोलत नाही आम्ही.
पण रात्री नऊला माझा फोन
एकदाच वाजतो आणि बंद होतो.
हसुराम. मिस्ड कॉल.
म्हणजे: दादूस, गोली.

परवा नऊ वाजले, फोन वाजला नाही.
गोळी घेतली. तरी फोन मांडीवर ठेवून बसलो.
साडेनऊ.
भिंतीपलीकडे टीव्ही चालू, मध्येच त्याचा खोकला.
शेवटी मीच नंबर लावला,
एक रिंग जाऊ दिली,
कापला.
भिंतीपलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला.
बराच वेळ तसाच राहिला.

"शेवटचा प्रश्न, काका. एकंदर आयुष्याबद्दल
किती समाधानी आहात? एक म्हणजे अजिबात नाही."
म्हटलं, आण इकडे, हे माझ्या हातानं करतो.
पेन धरलं. बरोबरची खूण हलत हलत गेली
आणि दोन चौकोनांच्या मधल्या रेषेवर बसली.
"तीन की चार?"

थांब जरा.
खाली हसुराम स्कूटर चालू ठेवून उभा आहे,
बंद केली तर पुन्हा लागत नाही ती.
त्याचं पेट्रोल जळतंय.