मधलं दार

सर्जेकोटच्या जेटीवर, बर्फ फोडायच्या मशीनमागे,
ताडपत्रीच्या घडीत सापडलं.
मूठभर. झोपताना सुंगटासारखं वाकडं होतं,
म्हणून नावही सुंगट.

पोत्यात घालून आणा, मोहिनी फोनवर म्हणाली,
वाट दिसता कामा नये, दिसली तर परत जातं.
मी पोतं बांधलं, तोंड सैल ठेवलं,
आणि कोळंबच्या पुलावरून स्कूटरची उगाच एक फेरी मारली,
एवढ्याशा जिवाला चकवायला.

घरात आधीच तिघं.
बायो, नऊ वर्षांची,
पिल्लांना सात घरं दाखवण्याच्या भानगडीत कधी न पडलेली.
तांडेल, एका कानाने बहिरा कुत्रा,
सकाळी आमच्यात जेवतो, रात्री पलीकडे, भावाकडे.
वाटणीनंतर जन्मला, त्यामुळे कागदावर नाही.
आणि पडवीतल्या टोपलीत खुडूक बसलेली तांबडी,
तिला काही विचारायची कुणाची छाती नाही.

गुरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
एकदम समोर आणू नका.
आधी वास, मग आवाज, तोंड सगळ्यात शेवटी.
वेगळी खोली आहे ना?

आहे. मधली.
तिचं एक दार आमच्या माजघरात.
दुसरं पलीकडे उघडायचं.
आता त्यावर आडवी फळी, चार खिळे,
दोन त्याने मारलेले, दोन मी.
सोळा वर्षं झाली.

जुनी लुंगी फाडून दोन फडकी केली.
एक बायोच्या गालांवर घासून सुंगटाखाली घातलं,
सुंगटाचं बायोच्या जागेवर.
तिने हुंगलं. माझ्याकडे पाहिलं.
मग तांदळाच्या पिंपावर चढून बसली
आणि दोन दिवस खाली उतरली नाही.
मोहिनी तिला वरच पेडवे नेऊन द्यायची,
रुसलेल्या माणसाला ताट नेतात तसे.

रात्री मी मधल्या खोलीत चटई टाकायचो.
बारा-साडेबाराला खिळ्यांच्या दाराखाली
हुंगल्याचा आवाज. तांडेल.
सुंगट फुगून लिंबाएवढं व्हायचं, मग हळूहळू पुन्हा मांजर.
आणि तांडेलच्या मागे एक खोकला.
तो खोकला मी ओळखतो.
पहिला ठसका दाबलेला, दुसरा सुटलेला.

तिसऱ्या रात्री फटीतून काहीतरी सरकलं.
केळीच्या पानाचा तुकडा, त्यावर बांगडा,
कुस्करलेला.
अंधारात मी बोटांनी चाचपला.
एकही काटा नव्हता.

काटे काढायचा त्याला भारी कंटाळा.
लहानपणी त्याच्या ताटातले मी काढायचो.

नवव्या दिवशी माजघराचं दार उघडलं.
बायो पिंपावरून उतरली, फिस्कारली,
एक चापट मारली, नखं आत ठेवून,
आणि काम झाल्यासारखी उन्हात जाऊन अंग चाटत बसली.
तांडेल आडवा झाला, पोट वर,
पराभव आधीच कबूल.
सुंगट मात्र सुसाट पडवीत,
थेट तांबडीच्या टोपलीत.
आम्ही दोघं धावलो.
तांबडीने एक टोच मारली,
मान वाकडी करून विचार केला,
आणि पंख थोडा उचलला.
अंड्यांबरोबर हेही उबेल, असं वाटलं असावं.

आता दुपारभर ते घरात नसतं.
तिन्हीसांजेला मधल्या दाराच्या फटीतून येतं,
आधी मिशा, मग डोकं, मग बाकीचं, खेचत खेचत.
अंगाला विडीचा वास.
मोहिनी त्याला उचलून नाकाशी धरते,
काही बोलत नाही.

खिळे आहेत तिथेच आहेत.
काल मी फक्त कानस घेतली
आणि दाराची खालची कड चार बोटं घासली.
पोट वाढतंय त्याचं, अडकायचं एखाद दिवशी.
भुसा सगळा पलीकडे पडला.
थोड्या वेळाने
केरसुणीचा आवाज आला.