अकरावी नळी

जालिंदरला साडेपाचला बोलावलं होतं.
तो सहाला आला, कानांवरून मफलर,
खांद्याशी नवी नळी, पुठ्ठ्यात गुंडाळलेली.
चार जिने इतक्या जपून चढला
जसं आत कुणी झोपलंय.

उन्हं यायच्या आत उरकायचं असतं.
रिकाम्या नळीला ऊन लागलं
आणि वरून गार पाणी सोडलं
तर तडकते, बाई, तो म्हणाला.
मी म्हटलं, ठाऊक आहे.
एकतीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत
परीक्षानळ्या मोजून दिल्या, मोजून घेतल्या.
काच कधी रागावते ते मला ठाऊक आहे.

गच्चीच्या दारावर माझ्याच अक्षरातली पाटी:
सोलर म्हणजे दोरी नव्हे.
नळ्यांवर गोधड्या वाळत घालू नयेत.
घातल्यास परत मिळणार नाहीत.
खाली कुणीतरी पेन्सिलीनं:
आणि कुरडया?

तळजाईच्या मागे नुसतं फटफटलेलं.
वीस नळ्या. एकोणीस जणींची बुडं चंदेरी,
अकरावीचं पांढरं,
साय धरल्यासारखं.
हवा शिरली, जालिंदर म्हणाला.
दोन काचांच्या मधे काहीच नसायला हवं.
ते काहीच-नसणं संपलं.
दिसायला तशीच. पाणी धरते.
ऊब धरत नाही.

आठवडाभर तिसऱ्या मजल्यावरचे घाटपांडे
थेट न्हाणीघरातून फोन करत होते,
पाणी कोमट, पाणी कोमट,
आणि मी सांगत होते, ढग आहेत.
डिसेंबरात. धनकवडीत.

मग त्यानं टाकीची खालची तोटी सोडली.
आधी खडू कालवल्यासारखं पाणी,
मग पापुद्रे, नखाएवढे,
उन्हाळाभर पाजलेलं बोअरचं पाणी
दगड होऊन बाहेर येत होतं.
त्यानं ॲसिडचा कॅन उचलला, बादली रिकामी.
थांब, मी ओरडले. आधी पाणी.
पाण्यात ॲसिड. ॲसिडात पाणी कधीच नाही.
तो कॅन हातात धरून उभाच राहिला.
सातवीत एक बाई अशाच ओरडायच्या, म्हणाला.
कुठली शाळा?
कात्रजची.
माझी नव्हे.

शेवटी टाकीतला दांडा काढला, मॅग्नेशियमचा.
घातला तेव्हा अंगठ्याएवढा जाड होता,
निघाला तो विणायच्या सुईसारखा,
मधेच वाकलेला.
टाकी गंजू नये म्हणून हा गंजतो, तो म्हणाला,
आणि जुनं तिकीट टाकावं तसा
कोपऱ्यात भिरकावून दिला.
मी नव्याची तारीख टाकीवर लिहिली,
मार्करनं, आधीच्या चार तारखांखाली.

नवीन नळीच्या तोंडाला साबणाचं पाणी लावून
फिरवत फिरवत आत बसवताना
मी विचारलं, तुझ्याकडे आहे का रे सोलर?
हसला. आंबेगाव पठारला पत्र्याची खोली आमची.
वर काळा पिंप ठेवलाय.
दुपारी दोनला चटका बसेल असं पाणी.
पण दुपारी दोनला मी असतो
कुणाच्यातरी गच्चीवर.
सकाळी कॉइल लावतो, बादलीत,
पोरांना म्हणतो, हात घालू नका.

जुनी नळी नेऊ का, विचारलं त्यानं.
कशाला, ते मी विचारलं नाही.
पुठ्ठ्यात घालून दिली, त्याच पुठ्ठ्यात.

मी तळमजल्यावर राहते.
वरचं पाणी माझ्याकडे सगळ्यांत शेवटी पोचतं.
दुसऱ्या दिवशी पहाटे
डक्टमधून घाटपांड्यांचा तांब्या ऐकू आला,
एक, दोन, मग बराच वेळ काही नाही,
मग ते चक्क गुणगुणायला लागले.
फोन आला नाही.

मी नळ सोडून हात खाली धरला.
पहिली बादली गारच असते,
ती फरशीसाठी बाजूला ठेवायची.
दुसरी अर्ध्यावर आली
आणि बोटांना कळलं:
काल दुपारी
मी भांडी घासून जरा आडवी झाले होते
तेव्हाचं ऊन.