पाव इंच

तोइवोलाच्या चर्चचं छप्पर गळतंय,
म्हणून आम्ही सोळाजणी सोडतीसाठी गोधडी शिवतोय.
प्रत्येकीचा एक चौकोन, बारा इंचांचा:
आपापल्या खिडकीतून दिसतो तो जानेवारी.

पांढऱ्यापाशीच एवढं अडेल असं वाटलं नव्हतं.
दुकानातलं पांढरं कापड बर्फासारखं दिसत नाही,
ते दुकानातल्या पांढऱ्या कापडासारखं दिसतं.
मग पेटी उपसली.
इस्पितळातला माझा जुना गणवेश, नीळ मुरलेला,
तो सकाळी आठची सावली झाला.
पिठाच्या पोत्याचा तुकडा, त्यावर अजून पुसट अक्षरं,
उलटा लावला: तळ्याच्या मधोमधचा पातळ बर्फ.
वाइनोच्या आतल्या सदऱ्याची पाठ, धुऊन धुऊन पिवळट,
ती संध्याकाळ. त्याला विचारलं नाही.

बर्चची झाडं काळ्या दोऱ्याने, तिरक्या टाक्यांची.
सौनाच्या धुरासाठी अस्तरातला एक धागा ओढून काढला,
सुईत ओवला आणि अर्ध्यावर सोडून दिला.
धूर तसाच संपतो.

वाइनो जेवता जेवता मान वळवून बघत होता.
एकतीस हिवाळे काउंटीची बर्फ काढायची गाडी चालवतोय,
पण बर्फाबद्दल त्याचं मत आजवर कुणी विचारलेलं नाही.
"चुकलंय," म्हणाला.
"कोठाराच्या या अंगाला ढीग साचत नाही. वारा तळ्यावरून येतो."
मी उसवलं. दोन तास गेले त्या एका ढिगात.
पुन्हा बघून म्हणाला, "रस्ता कुठाय?"

खिडकीतून रस्ता दिसतच नाही, मी म्हटलं,
नुसता दिव्याचा खांब दिसतो.
"साफ केलेला असतो," म्हणाला. "दिसायला पाहिजे."

करड्या लोकरीची पट्टी कापली, करंगळीएवढी रुंद.
त्याने ती बोटाने ढकलत नेली
कोठारामागून, बर्चमधून, उजवीकडे,
थेट चौकोनाच्या काठापर्यंत.
"इथवर," म्हणाला,
आणि बशी उचलून विसळायला गेला.
स्वतःची बशी. स्वतः.

चर्चच्या तळघरात भिंतीवर आराखडा टाचलाय.
दुसरी ओळ, तिसरा चौकोन माझा.
उजवीकडचा तैमीचा.

तैमी त्याची बहीण.
बापाच्या होडीवरून बिनसलं, अकरा वर्षं झाली,
एक शब्द नाही.
होडी तर केव्हाच कुजली.

शिवणाऱ्यांना ठाऊक असतं:
दोन तुकडे जोडताना दोघांचाही पाव पाव इंच शिवणीत जातो.
काठाला जे असेल ते आत दुमडतं.
मी किती घरांची दारं अशी आत गेलेली पाहिलीत,
नीट शिवलेली, मण्याची कडी लावलेली,
गोधडी फाटेस्तोवर आता ती कुणाला दिसायची नाहीत.
शहाणी बाई काठाला काही ठेवत नाही.
मी रस्ता पाव इंच लांब कापला.

रात्री साडेनऊला फोन लावला.
"तैमी, तुझ्या डाव्या काठाला रस्ता आहे का?"
तिच्याकडचं घड्याळ ऐकू येत होतं.
"आहे."
"खालून किती इंचांवर?"
खुर्ची सरकली. डबा उघडला, टेप सापडेना बहुतेक.
मग बराच वेळ काहीच नाही.
"पावणेपाच."
मी लिहून घेतलं.
"आणि करडा लावू नकोस," ती म्हणाली.
"पहाटे पाचला तो इथून वळतो ना,
मागे वाळू टाकत जातो.
तपकिरी घे."

माझा रस्ता सव्वाचारावर होता.
दिवा लावला, उसवायला बसले,
मांडीवर पेटी, तपकिरी काही सापडतंय का बघत.
आतल्या खोलीत वाइनो झोपला होता,
किंवा भिंतीकडे तोंड करून
तसा पडून होता.