माळ्यावरची वीस मिनिटं

तार्तूत डिसेंबरला दुपारी साडेतीनलाच दिवा लागतो.
खाली आंबवलेल्या कोबीचा वास,
तारमोच्या भावाची तीन पोरं,
आणि सासूबाई माइमू, चाकू हातात,
सॉसेजला किती भोकं पाडायची यावर ठाम.

मी म्हटलं, मेणबत्त्या आणते वरून.
मेणबत्त्या खालच्याच कपाटात आहेत.

माळ्यावर माझा रेडिओ.
बोट किल्लीवर, कान दूर उत्तर समुद्रात,
तिथं एका मालवाहू जहाजावरचा माणूस
टिंब-रेघांत सांगतोय:
लाटा उंच. सूप सांडलं. नाताळच्या शुभेच्छा.
त्याचं तोंड मी पाहिलेलं नाही,
पण हात ओळखते;
प्रत्येक 'आर'नंतर जरा दम खातो.

मग फळ्यांखालून झाडूचा दांडा.
माइमूच, दुसरं कोण.
खर्रर्र. टक. खर्रर्र.
रेघ, टिंब, रेघ.

तिला कुठं ठाऊक,
आम्हा किल्लीवाल्यांत याचा अर्थ:
बोल, आता तुझी पाळी.

जहाजाला कळवलं, घरून बोलावणं आलंय.
तो म्हणाला, नशीबवान आहेस.
उत्तर न देताच बटण बंद केलं.

मेणबत्त्यांचं कुणी विचारलं नाही.
माइमूनं चाकू माझ्याकडे सरकवला.
मी चार भोकं पाडली.
ती म्हणाली, पाच.