पाटीची मागची बाजू

मनामाच्या सुकात, सोनारांच्या दोन पेढ्यांमध्ये चेपलेलं
माझं सहा फुटांचं दुकान. शिक्के, चाव्या, पाट्या.
बाप चिपळूणच्या बाजारात भांड्यांवर नावं घालायचा.
एकदा लग्नाच्या घागरीवर 'चि.'च्या जागी त्याने 'कै.' घातलं.
तेवढी दोन अक्षरं त्याला आयुष्यभर पुरली.

मी अरबी घालतो.
आधी आकार कळतो, मग अर्थ,
कधी कधी तेवढाही नाही.

वरच्या कोर्टाच्या दारांवरच्या पाट्या माझ्या हातच्या.
त्या कोर्टाला इथे तमीज म्हणतात.
आपल्याकडे तमीज म्हणजे थोरांसमोर खाली मान,
इथे खरं आणि खोटं वेगळं काढणं.
शब्द एकच, बोटीतून उतरताना कुठेतरी वाकला.

न्यायाधीश कसा निवडतात ते मला विचारू नका.
परिषद बसते म्हणतात, दार लावून. यादी होते,
यादी वर जाते, वरून फर्मान येतं,
फर्मान राजपत्रात छापतं
आणि दुसऱ्या दिवशी शिपाई जासिम चिठ्ठी घेऊन माझ्याकडे.
माझ्यापुरती नेमणूक ती:
नऊ इंच बाय तीन, दोन भोकं, घाई आहे.

गेल्या शाबानमध्ये पाचव्या दारावरची पाटी उतरली.
कुणी म्हणालं मुदत, कुणी म्हणालं वय,
जासिम काहीच म्हणाला नाही.
दारावर राहिली दोन भोकं
आणि पाटीएवढाच लाकडाचा तुकडा, न विटलेला.

त्या भोकांत अडकलं आत्माराम कुडवचं प्रकरण.
परांचीवरून पडला. कंपनी म्हणते, पट्टा त्यानेच सोडला.
खाली दोनदा हरून इथवर आलो.
तारीख पडते, वकिलाचा फोन येतो:
खंडपीठ पुरं नाही, एक जण कमी.
कुडाळहून शालनवहिनी विचारते,
एवढ्या पैशाच्या मुलखात एक माणूस मिळेना?

अफवेवर मी पाटी घालत नाही. सफरमध्ये घातली.
जासिम म्हणाला होता, नाव पक्कं आहे.
नव्हतं. पाटी खणात पडून आहे,
आणि तो माणूस कुठेतरी, आपण जवळजवळ काय झालो होतो
हे न कळता, जेवत असेल.

मग खरी चिठ्ठी आली. रात्रीत घातली.
तिसऱ्या दिवशी दुकानात एक उंच सुदानी गृहस्थ,
घामेजलेले, पाटी बगलेत.
म्हणाले, एक नुक्ता राहिलाय.
नाव खुद्द त्यांचंच.
मी उठून उभा राहिलो. आपली तमीज.

ते स्टुलावर बसून पाटीची मागची बाजू बघत राहिले.
पितळ महाग, म्हणून मी जुनीच उलटी करून घालतो,
मागे आधीच्याचं नाव, लाकडाकडे तोंड करून.
'आणि मी गेल्यावर?'
दोन्ही बाजू भरल्या की वितळवतो, म्हटलं.
ते हसले. 'दोन वर्षांचा करार आहे. पुढे वाढवला तर.'
माझ्या व्हिसावरही तेवढाच आकडा.

आत्मारामचं नाव जिभेवर आलं होतं.
बोललो असतो तर त्यांना ते प्रकरण सोडावं लागलं असतं,
पुन्हा एक जण कमी.
न बोलणं जड गेलं, एवढंच सांगतो.
छिन्नी टेकवली, एकच ठोका,
बापाची घागर आठवत.

पैसे नको म्हणालो.
त्यांनी मोजून ठेवले, पावती मागितली.
लिहिली: नुक्ता, नग एक.
सोमवारी तारीख आहे.